एका महिन्याचं गिऱ्हाईक नको

शिकागोची पत्रपेटी

मागच्या अंकात मी लिहिलं होतं, की शिकागो आणि आसपासच्या मराठी घरांनी साऊथ साइडवरच्या, म्हणजे शहराच्या दक्षिण भागातल्या, कृष्णवर्णीयांच्या दुकानांशी आणि कलाकारांशी नेमाचं नातं जोडावं. त्यावर बरीच पत्रं आली. काही प्रेमाची, काही रागाची, एक-दोन तर माझ्या ओळखीच्या घरांतली. त्यांतली पाच इथे घेते. नव्या वाचकांसाठी एवढंच सांगते, की मी मूळची साताऱ्याची. १९८९पासून शिकागोत हाइड पार्कला राहते. एका बँकेत छोट्या व्यावसायिकांच्या कर्जांचं काम पाहत होते. आता निवृत्त आहे, आणि मंगळवारी व गुरुवारी संध्याकाळी वस्तीतल्या एका केंद्रात दुकानदारांना अर्ज भरायला आणि हिशेब मांडायला मदत करते.

प्रश्न : ताई, आमच्या मराठी मंडळाने येत्या फेब्रुवारीत, ब्लॅक हिस्टरी मंथच्या, म्हणजे कृष्णवर्णीयांच्या इतिहासाच्या महिन्याच्या, निमित्ताने, एक कार्यक्रम ठरवला आहे. कृष्णवर्णीय व्यावसायिकांचे चार स्टॉल, आफ्रिकन ड्रमचं एक पथक आणि एखाद्या संस्थेला धनादेश, असं डोक्यात आहे. फेब्रुवारीत एवढंच जमेल. आणखी काही सुचवाल का?
— एक कार्यवाह, नेपरव्हिल

उत्तर : कार्यक्रम जरूर करा. पण तुमच्या पत्रात मार्च कुठेच नाही, म्हणून आधी त्याबद्दल बोलते.

आमच्या केंद्रात एक बाई येतात. साबण करतात, शिया बटरचं मलम करतात. २०२०च्या मे महिन्यात मिनिआपोलिसमध्ये जॉर्ज फ्लॉइड यांचा पोलिसाच्या गुडघ्याखाली जीव गेला. त्यानंतरच्या आठवड्यांत देशभर लोक कृष्णवर्णीयांची दुकानं शोधून शोधून खरेदी करू लागले. या बाईंचा धंदा स्वयंपाकघरातल्या ओट्यावर चालायचा. जूनमध्ये त्यांच्याकडे इतकी मागणी आली, की त्यांनी दोन मुली कामाला ठेवल्या, तेलाचे पिंप उधारीवर उचलले आणि एक गाळा भाड्याने घेतला. त्यांच्या पद्धतीचा साबण वड्या पाडल्यावर चार-सहा आठवडे मुरावा लागतो. ज्यांना तो आठवड्यात हवा होता, त्यांनी रागावून पैसे परत मागितले. पुढच्या उन्हाळ्यात मागणी होती तेवढीच झाली, पण गाळ्याचा करार तीन वर्षांचा होता. ते भाडं फेडताना त्या बाईंनी रात्रपाळीची नोकरी धरली. एवढी सगळी माणसं चांगल्याच मनाने आली होती. ती दुसऱ्यांदा आली नाहीत, इतकंच.

म्हणून कार्यक्रम आखण्याआधी मंडळाच्या खर्चाची वही उघडा. गणपतीची स्मरणिका कोण छापतं? फुलं कुठून येतात? ध्वनियंत्रणा, फोटो, स्वयंसेवकांचे टी-शर्ट, दिवाळी संध्याकाळचा केक, सहलीची बस, हिशेबतपासणी? या यादीतली दोन-तीन कामं तरी साऊथ साइड किंवा वेस्ट साइडवरच्या कृष्णवर्णीय व्यावसायिकांना द्या. चार ठिकाणी भाव विचारता, तसा पाचवा त्यांना विचारा. काम आवडलं तर पुढच्या वर्षी पुन्हा त्यांनाच सांगा, आणि नाही आवडलं तर का ते स्पष्ट सांगा. तेही गिऱ्हाइकाचंच काम आहे. निम्मे पैसे आगाऊ द्या, उरलेले त्याच दिवशी. मोठ्या छापखान्याला दोन महिने पैसे अडकले तर फरक पडत नाही. छोट्या छापखान्याचा त्या महिन्याचा कागद त्यावर अवलंबून असतो. घासाघीस करू नका. आपल्याला ती सवय आहे, मलाही होती.

स्टॉलचं भाडं माफ करा असं मी म्हणणार नाही. साडीवाल्यांकडून घेता तेवढंच त्यांच्याकडून घ्या. पण जागा दाराजवळ, जेवणाच्या रांगेच्या वाटेवर द्या. बुटांच्या रॅकशेजारचा कोपरा देऊ नका. असं मी पाहिलेलं आहे.

आता ड्रमच्या पथकाविषयी. बारा वर्षांपूर्वी मी ज्या मंडळाच्या कार्यकारिणीवर होते, तिथे आम्ही जेंबे वाजवणाऱ्या एका गटाला बोलावलं. जेवण देऊ, पाचशे माणसं तुम्हाला ऐकतील, असं मीच फोनवर सांगितलं. त्या गटाच्या प्रमुख बाईंनी शांतपणे विचारलं, ‘त्या दिवशी तुमच्याकडे तबला कोण वाजवणार आहे? त्यांना तुम्ही काय देता?’ तबलजी न्यू जर्सीहून येणार होते. त्यांचं विमानाचं तिकीट, हॉटेल आणि बिदागी, सगळं आमच्या अंदाजपत्रकात लिहिलेलं होतं. मला उत्तर देता आलं नाही. पुढच्या वर्षी आम्ही आधी बिदागी ठरवली, मग तारीख विचारली, आणि त्या आल्या. तुमच्या पत्रात पथकाच्या बिदागीचा आकडा नाही. तो आधी लिहा.

धनादेश कोणाला द्यावा, असं तुम्ही विचारलेलं नाही, पण मी सांगणार आहे, कारण ही गोष्ट सांगायची मला फार दिवसांची इच्छा आहे.

साऊथ मिशिगन अव्हेन्यूवर ३८३१ क्रमांकाचं एक जुनं लाल विटांचं घर आहे. ते साऊथ साइड कम्युनिटी आर्ट सेंटर. महामंदीच्या काळात अमेरिकी सरकारने बेकार कलावंतांना काम देण्यासाठी फेडरल आर्ट प्रोजेक्ट सुरू केला आणि त्यातून देशभर शंभरावर कला केंद्रं काढली. सरकारची अट अशी, की दुरुस्ती आणि पगार आम्ही पाहू, जागा मात्र वस्तीने उभी करायची. या केंद्राची वस्ती ब्रॉन्झव्हिल, म्हणजे तेव्हा दक्षिणेतल्या कापसाच्या शेतांवरून पळून आलेल्या, खाटीकखान्यात आणि रेल्वेत राबणाऱ्या माणसांची वस्ती. त्यांनी ‘माइल ऑफ डाइम्स’ नावाची मोहीम काढली. दहा-दहा सेंटची नाणी गोळा करायची, एकापुढे एक ठेवली तर मैलभर रांग होईल इतकी. मार्गारेट बरोज नावाची विशीतली चित्रकार मुलगी एकोणचाळिसाव्या रस्त्याच्या नाक्यावर डबा घेऊन उभी राहायची. घर झालं, डिसेंबर १९४०मध्ये केंद्र उघडलं, आणि मे १९४१मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी एलिनॉर रूझवेल्ट स्वतः उद्घाटनाला आल्या. ग्वेंडोलिन ब्रुक्स तिथे कवितेच्या वर्गाला बसत. पुढे १९५०मध्ये पुलित्झर मिळवणाऱ्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय ठरल्या. पुढे नावाजलेले छायाचित्रकार गॉर्डन पार्क्स तळघरात फोटो धूत.

१९४३मध्ये ती सरकारी योजनाच बंद पडली. शंभरावर केंद्रांतली बहुतेक विझली. हे विझलं नाही, कारण नाणी टाकणाऱ्यांनी ते आपलं मानलं होतं. आजही ते त्याच घरात आहे. वरच्या दालनाच्या लाकडी भिंतींवर ऐंशी वर्षांच्या चित्रांच्या खिळ्यांची भोकं तशीच ठेवली आहेत. मी तिथे गेले की आधी ती भोकं पाहते, मग चित्रं. मार्गारेट बरोज यांनी पुढे १९६१मध्ये समोरच्याच बाजूच्या आपल्या घरात, पतीबरोबर, एक संग्रहालय थाटलं. आज वॉशिंग्टन पार्कात उभं असलेलं दु साब्ल संग्रहालय ते हेच.

धनादेश द्याच, पण त्याआधी मंडळाची एक सहल तिथे काढा, आणि जी माणसं येतील त्यांना सभासद करा.

प्रश्न : माझी मुलगी शिकागो विद्यापीठात शिकते. शनिवारी ती मैत्रिणींबरोबर साऊथ शोअर नावाच्या भागात एका जुन्या बँकेच्या इमारतीत गाणी ऐकायला जाते. तो काळ्यांचा भाग आहे, तिकडे जाऊ देऊ नका, असं इथल्या ओळखीच्यांनी सांगितलं. मला झोप लागत नाही. तिला काय सांगू?
— एक आई, पुणे

उत्तर : ताई, काळजी करू नका असं सांगून तुमची झोप परत येणार नाही. साऊथ साइडच्या काही भागांत गुन्हे होतात, बंदुका आहेत, आणि त्याची सर्वांत जास्त झळ तिथेच राहणाऱ्यांना बसते. मुलीने दिवसा जावं, सोबतीने जावं, फोन पर्समध्ये ठेवावा. हे मी माझ्या मुलाला सांगितलं होतं, आणि माझी शेजारीण, जी जन्मापासून इथेच राहते, तिनेही आपल्या नातवंडांना हेच सांगितलं आहे.

पण तुमची मुलगी कुठे जाते ते ऐका. स्टोनी आयलंड अव्हेन्यूवरची ती इमारत १९२३ची. दारात उंच खांब, आत तिजोरी. बँक बुडाली, १९८०च्या दशकापासून इमारत रिकामी पडली, तळघरात पाणी साचलं, पाडायची वेळ आली. थिएस्टर गेट्स नावाच्या शिकागोच्या शिल्पकाराने ती शहराकडून एका डॉलरला घेतली. दुरुस्तीला मात्र लाखो डॉलर लागणार होते. त्यांनी काय केलं, तर बँकेच्या मुतारीतल्या संगमरवराचे तुकडे कापले, त्यांवर रोख्यासारखी अक्षरं कोरली आणि कलाबाजारात एकेक तुकडा पाच हजार डॉलरला विकला. २०१५मध्ये इमारत उघडली. जॉन्सन पब्लिशिंग या कृष्णवर्णीयांच्या एकेकाळच्या सर्वांत मोठ्या प्रकाशनसंस्थेचं ग्रंथालय आज तिथे आहे. हाऊस संगीताचे जनक फ्रँकी नकल्स यांच्या तबकड्याही तिथेच आहेत. तुमची मुलगी बहुधा त्याच ऐकते. तिच्या वयाच्या मुलांना सगळ्या जगात नाचवणारं संगीत या शहरातल्या कृष्णवर्णीय तरुणांनी जन्माला घातलं, हे तिला ज्या ठिकाणी कळतंय ते ठिकाण वाईट नाही.

तिला आणखी एक कोपरा पाहायला सांगा. तिथून थोडं पुढे, एकाहत्तरावा रस्ता आणि जेफरी जिथे मिळतात, तिथे साऊथ शोअर बँक होती. वस्तीत कृष्णवर्णीय कुटुंबं आली, गोरी निघून गेली, आणि १९७२मध्ये बँकेच्या मालकांनीही गाशा गुंडाळून शहराच्या मध्यभागी जायची परवानगी मागितली. रहिवाशांनी विरोध केला, सुनावणीला गेले, आणि सरकारने परवानगी नाकारली. पुढच्या वर्षी चार जणांच्या एका गटाने ती बँक विकत घेतली, याच वस्तीतल्या घरांना आणि दुकानांना कर्ज द्यायचं असं ठरवून. बांगलादेशात ग्रामीण बँक आकार घेत होती, तेव्हा मुहम्मद युनूस यांनी या लोकांचा सल्ला घेतला होता. मी बँकेत नवी होते तेव्हा आमच्या टेबलावर तिचं नाव आदराने घेतलं जाई. २०१०मध्ये, घरांच्या कर्जांचा फुगा फुटल्यावर, ती बुडाली. त्या दिवशी मी त्या कोपऱ्यावर जाऊन उभी राहिले होते.

एक विनंती करते, रागावू नका. ‘काळ्यांचा भाग’ हे शब्द तुमचे नाहीत, तुम्हाला कोणीतरी दिले आहेत. आपल्या घरांत इथेही ते सर्रास बोलले जातात, आणि त्याहून वाईटही, मुलांसमोर. मुलं ते शाळेत नेतात. मुलीशी बोलताना वस्तीचं नाव घ्या. साऊथ शोअर.

प्रश्न : दुकानदाराचा रंग पाहून खरेदी करायची, हा उलटा भेदभाव नाही का? आम्ही १९९६ साली दोन सुटकेसा घेऊन आलो. आम्हाला कोणी मदत केली नाही. कष्ट केले, मुलं शिकवली. तेच त्यांनाही करता येईल. शिवाय आपला त्यांच्याशी काय संबंध?
— एक इंजिनिअर, शॉमबर्ग

उत्तर : तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. कष्टाबद्दल तुम्ही लिहिलंत ते खरं आहे. माझे पती आणि मी पहिला हिवाळा एका खोलीत काढला, त्यामुळे मला ते ठाऊक आहे. पण एक गोष्ट सांगते, जी मी आजवर या सदरात लिहिली नव्हती.

१९९०च्या दशकात मी बँकेत अर्ज तपासायची. अर्जावर रंग लिहिलेला नसायचा. पत्ता असायचा. काही पत्ते पाहिले की आमच्यातला कोणीही अर्ज जरा जास्त बारकाईने वाचायचा, तारण जास्त मागायचा, ‘घराची किंमत कमी आहे’ असा शेरा मारायचा. मीही मारला आहे. शेरा खोटा नव्हता, घराची किंमत खरोखरच कमी होती. ती कमी का, हे विचारायची माझी जबाबदारी आहे असं मला तेव्हा वाटलं नाही.

ती कमी का, ते सांगते. १९३०च्या दशकात सरकारच्या गृहकर्ज महामंडळाने शहरांचे नकाशे रंगवले. जिथे कृष्णवर्णीय राहत, तो भाग लाल, म्हणजे कर्जाला धोक्याचा. बँकांनी हात आखडता घेतला. मग १९५० आणि ६०च्या दशकांत, वेस्ट साइडच्या लॉनडेलसारख्या भागांत, दलाल कृष्णवर्णीय कुटुंबांना दुप्पट किमतीने घरं विकायचे, तीही हप्त्यांच्या कराराने. शेवटचा हप्ता फिटेपर्यंत घर दलालाच्या नावावर. एक हप्ता चुकला की घर गेलं, आणि आधी भरलेले सगळे पैसेही गेले. १९६८मध्ये या लोकांनी संघटना करून हप्ते रोखून धरले आणि लढा दिला. दोन पाळ्यांत राबणारी माणसं होती ती. त्यांच्या कष्टाचा पैसा घर म्हणून मुलांच्या हाती आला नाही. आपल्या ओळखीतल्या कितीतरी जणांनी घरावर दुसरं कर्ज काढून धंदा सुरू केला, तुम्हीही पाहिलं असेल. त्यांच्याकडे काढायला घरच नव्हतं. भांडवल नाही याचा अर्थ अनेकदा एवढाच असतो.

आणि आपल्याला मदत झाली. हॅरल्ड वॉशिंग्टन शिकागोचे पहिले कृष्णवर्णीय महापौर. त्यांनी १९८५मध्ये आदेश काढला, की शहराच्या कंत्राटांतला २५ टक्के वाटा अल्पसंख्य मालकांच्या कंपन्यांना आणि ५ टक्के स्त्रियांच्या कंपन्यांना मिळावा. या शहराच्या नियमांत अल्पसंख्य म्हणताना भारतीय उपखंडातून आलेलेही धरले जातात. केंद्र सरकारच्या छोट्या उद्योगांच्या योजनेत १९८२ साली भारतीय वंशाच्या लोकांचा समावेश झाला, आपल्याच लोकांनी अर्ज केला म्हणून. तुमच्या क्षेत्रातल्या, रस्ते आणि पूल बांधणाऱ्या देशी कंपन्यांना विचारून पाहा, पहिलं सरकारी काम त्यांना कोणत्या प्रमाणपत्रावर मिळालं. आणि तुम्हाला-मला इथे येऊ देणारा १९६५चा कायदा ज्या वातावरणात झाला, ते वातावरण रस्त्यावर मार खाणाऱ्या कृष्णवर्णीय माणसांनी तयार केलं होतं.

संबंध काय, असं विचारलंत. १८७३ साली पुण्यात जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ छापलं, तेव्हा अर्पणपत्रिकेत त्यांनी नाव घातलं अमेरिकेतल्या त्या सज्जन लोकांचं, ज्यांनी तिथल्या गुलामांना दास्यातून मुक्त करण्यासाठी स्वतःला झोकून दिलं. समुद्र न ओलांडलेल्या माणसाला संबंध दिसला होता. आपण तर इथे राहतो.

रंग पाहून खरेदी करा असं मी म्हणत नाही. इतकी वर्षं रंग पाहून ज्या रस्त्यांवर आपण गाडी थांबवली नाही, तिथे थांबा असं म्हणते. दुकानात गेलात की वस्तू पाहा, चव पाहा, काम पाहा. नाही आवडलं तर घेऊ नका.

प्रश्न : आम्ही शाकाहारी. तिकडे सगळं चिकन आणि बार्बेक्यूच असतं म्हणतात. खायला कुठे जायचं?
— एक आजी, ऑरोरा

उत्तर : आजी, पंचाहत्तराव्या रस्त्यावर जा. तिथे सोल व्हेज सिटी (पूर्वीचं सोल व्हेजिटेरियन) नावाचं कृष्णवर्णीयांचं जुनं उपाहारगृह आहे. मांस नाही, मासे नाहीत, दूधसुद्धा नाही. कोलार्डची भाजी खाल तेव्हा तुम्हाला चाकवताची आठवण येईल, फक्त ही जाड पानाची आणि जास्त वेळ शिजवलेली. त्याच रस्त्यावर ब्राऊन शुगर बेकरीचा कॅरामेल केक आहे. त्यात अंडं असतं, पण नातवंडांसाठी घ्या. दिवाळीत तिथून चार खोकी घेऊन जाणारं एक मराठी घर मला माहीत आहे, आणि बेकरीतल्या मुली आता त्यांना तारीख विचारतात.

प्रश्न : मी चोवीस वर्षांचा आहे, पहिली नोकरी. महिन्याला शंभर डॉलर या कामासाठी काढू शकतो. दान करू, की गुंतवू? कुठे?
— एक तरुण, शिकागो

उत्तर : तुझं पत्र वाचून फार आनंद झाला. आधी पैसा कुठे अडतो ते सांगते, मग शंभरांचं बोलू.

शहराची एक योजना आहे, नेबरहुड ऑपर्च्युनिटी फंड. मुंबई-पुण्यात ज्याला आपण वाढीव एफएसआय म्हणतो, तसा प्रकार. मध्यवस्तीत बिल्डरला ठरल्यापेक्षा जास्त मजले चढवायचे असतील तर तो शहराला पैसे भरतो. त्यातले ८० टक्के साऊथ, साऊथवेस्ट आणि वेस्ट साइडवरच्या दुकानांच्या उभारणीला जातात. उंच इमारतीने वस्तीचं दुकान उभं करावं, ही कल्पना मला मनापासून पटते. पण बहुतेक सरकारी अनुदानांची एक अडचण असते, ती म्हणजे आधी खर्च करा, पावत्या दाखवा, मग पैसे मिळतील. केस विणून देणाऱ्या एक बाई आमच्याकडे येतात. त्यांना अशाच एका अनुदानाचं पत्र आलं. पत्र हातात, पण नळजोडणीवाला म्हणतो आधी इसार द्या, सुतार म्हणतो लाकडाचे पैसे द्या. बँकेने ते पत्र तारण म्हणून धरलं नाही. सात महिने त्यांचं दुकान अर्ध्या भिंतींचं होतं.

त्यांना तारलं कोणी, तर त्यांच्या चर्चमधल्या दहा बायकांच्या सूसूने. कॅरिबियन आणि पश्चिम आफ्रिकी लोकांत चालणारी ही पद्धत. दर महिन्याला प्रत्येकीने ठरलेली रक्कम टाकायची, आणि पाळीपाळीने एकीने सगळी उचलायची. त्या समजावून सांगत होत्या, तेव्हा मी म्हटलं, अहो, ही तर आमची भिशी! माझ्या आईने भिशीच्याच पैशात शिवणयंत्र घेतलं होतं. बायकांनी आपली पाळी या बाईंना आधी दिली.

तर शंभर डॉलर. एक भाग असा ठेव, की जो फिरता राहील. किवा या संस्थेमार्फत अमेरिकेतल्या छोट्या व्यावसायिकांना १५,००० डॉलरपर्यंत बिनव्याजी कर्ज मिळतं, आणि ते पंचवीस-पंचवीस डॉलर देणाऱ्या माणसांकडून उभं राहतं. पैसे हप्त्यांनी परत येतात, मग दुसऱ्याला द्यायचे. परत येतीलच असं नाही, आणि तुला त्यावर व्याजही नाही, हे समजून घे. अर्जदाराला आधी आपल्या ओळखीतले काही जण पैसे लावतात हे दाखवावं लागतं, मगच तो अर्ज सगळ्या जगासमोर जातो. जिथे बहुतेकांची गाडी अडते तो टप्पा हाच. ओळखीतल्यांकडे पंचवीस डॉलर नसतात असं नाही, पण कार्ड नसतं, ईमेल नसतो, किंवा विचारायला लाज वाटते. तू त्या पहिल्या काही जणांत हो. त्यासाठी तुला त्यांना ओळखावं लागेल.

दुसरा भाग आगाऊ वर्गणीत घाल. जॉन एच. जॉन्सन यांची गोष्ट तुला माहीत आहे का? १९४२मध्ये त्यांना कृष्णवर्णीय वाचकांसाठी मासिक काढायचं होतं. आईने आपलं घरातलं फर्निचर तारण ठेवू दिलं, पाचशे डॉलर मिळाले. ते ज्या विमा कंपनीत काम करत, तिच्या २०,००० पॉलिसीधारकांना त्या पैशातून पत्रं गेली : दोन डॉलर आगाऊ भरा, मासिक पाठवतो. सुमारे ३,००० जणांनी भरले. तेव्हा हाती एकही अंक नव्हता! त्या सहा हजारांवर पहिलं मासिक निघालं, आणि तीन वर्षांनी ‘एबनी’. आपली मराठी मासिकं वर्गणीदारांच्या जिवावर कशी तगली, हे तुझे आजोबा सांगतील. तर नाटकाच्या एखाद्या छोट्या संस्थेचं हंगामाचं तिकीट आधीच काढ. पंचाहत्तराव्या रस्त्याजवळची ईटीए ही नाट्यसंस्था १९७१पासून आहे. किंवा एखाद्या चित्रकाराला सांग, दर महिन्याला पंचवीस देतो, वर्षाने एक छोटं चित्र दे. तुझ्या भाड्याच्या खोलीच्या भिंतीला ते शोभेल, आणि त्याला बारा महिने रंग मिळतील.

उरलेल्याचं जेव. वस्तीत.

पहिल्या पंचवीस डॉलरसाठी नाव शोधत असशील तर मंगळवारी किंवा गुरुवारी संध्याकाळी सहानंतर केंद्रात ये. पत्ता संपादकांकडे आहे. सध्या माझ्या टेबलावर तीन अर्ज आहेत. एक शिंपी आहेत, त्यांना काजं करायचं यंत्र घ्यायचं आहे. एक तरुण फ्रेम बनवतो, त्याला काच कापायचं मोठं टेबल हवं आहे. आणि केस विणणाऱ्या त्या बाई, त्यांना तिसरी खुर्ची.